तीन तासांचा किनारा

हॅम्बुर्ग बंदराच्या वाल्टर्सहोफ भागात, कंटेनरच्या राशी आणि ट्रकचे रस्ते यांच्या मधोमध खलाशांना विसावायला एक घर आहे. डुकडाल्बेन त्याचं नाव. १९८६ साली ते सुरू झालं. जर्मन सीमेन्स मिशन ते चालवतं आणि वर्षातला एकही दिवस ते बंद नसतं. जहाजावरून फोन केला की त्यांची छोटी बस न्यायला येते. आत एक दुकान आहे, तिथं साबण, टूथपेस्ट, चॉकलेटं, सिमकार्ड असं सगळं मिळतं. बिलियर्डचं टेबल आहे, पुस्तकं आहेत, चकटफू इंटरनेट आहे. आणि एक शांत खोली आहे, तिथं निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थनेच्या जागा एकाच छताखाली शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत.

मी हॅम्बुर्ग पाहिलेलं नाही. मी लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी आहे. या घराची माहिती मला त्याच्याकडून कळली. पुढं त्या एका घरामुळं मी जगभरातल्या अशा घरांबद्दल जे सापडेल ते वाचत गेले. त्यानं तिथून पहिल्यांदा व्हिडिओ कॉल केला, तेव्हा मागं लोकांचा गलका होता आणि हा खुर्चीवर पाय पसरून बसला होता. मी विचारलं, काय करलालास? म्हणाला, "काई नाही आक्का. बसलोय. इथं कुणी काम सांगंना बघ."

एवढं एक वाक्य. त्याचा अर्थ मला पुरता लागायला बरेच दिवस गेले.

आमच्याकडं जहाजावर नोकरी म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. एक, पोहता येतं का त्याला. आणि दुसरी, किती देश फिरला. पोहायला तो विहिरीतच शिकला, कमरेला भोपळा बांधून, गावातली सगळी पोरं शिकतात तसा. देशांचं मात्र उत्तर देताना माझी जीभ अडखळते. पासपोर्टावर आणि सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीवर, शिक्के खूप आहेत. पण सिंगापूरला तो अनेकदा गेला आणि सिंगापूरच्या रस्त्यावर त्यानं पाऊल ठेवलेलं नाही. त्याला सिंगापूर ठाऊक आहे ते क्रेनच्या पिवळ्या दिव्यांचं.

बंदर आलं म्हणजे विसावा आला असं आपण जमिनीवरची माणसं समजतो. एसटी स्टँडात लागली की ड्रायव्हर-कंडक्टर उतरून चहा पितात, तसं आपल्याला वाटतं. जहाजाचं उलटं आहे. बंदर म्हणजे कामाचा डोंगर. पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा माणूस, चढतो, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की चार, सगळ्यांनी आपापल्या जागी उभं राहायचं, मनगटाएवढे दोर धक्क्यावर द्यायचे, घट्ट करायचे. ते झालं की माल उतरणं-चढणं सुरू. त्याच वेळी तेल भरणारी बार्ज बाजूला लागते, रेशन येतं, सुटे भाग येतात, तपासणी करणारा अधिकारी येतो. जहाजावर चढायच्या शिडीला गँगवे म्हणतात. त्या गँगवेवर चोवीस तास कुणीतरी पहाऱ्याला उभं राहावं लागतं, वर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहून घ्यावं लागतं. हे सगळं करायला माणसं किती? दोनतीनशे मीटर लांबीच्या जहाजावर वीस-बावीस. त्यातले काही इंजिनात, काही गॅलीत म्हणजे स्वयंपाकघरात. उरलेल्यांनी सहा तास काम, सहा तास आराम अशा पाळ्या करायच्या. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्या दहा तासांत झोप आहे, अंघोळ आहे, कपडे धुणं आहे. किनारा पाहायचा तर झोपेतून कापून पाहायचा.

आणि जहाज थांबतं तरी किती? पूर्वी गोण्या खांद्यावरून उतरवायचे तेव्हा जहाज आठ-पंधरा दिवस बंदरात असायचं. आता कंटेनरचं जहाज बऱ्याच बंदरांत एक दिवससुद्धा पुरतं थांबत नाही. स्वीडनमधल्या माल्मो इथल्या जागतिक सागरी विद्यापीठानं २०२५ मध्ये खलाशांच्या किनारा-सुट्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार खलाशांतल्या एकाहून अधिक जणांना संपूर्ण करारात एकदाही खाली उतरता आलं नव्हतं. ज्यांना उतरता आलं, त्यांतही जवळजवळ निम्म्या सुट्ट्या तीन तासांपेक्षा कमी होत्या.

करार म्हणजे सहा महिने, नऊ महिने. तेवढा काळ पायाखाली लोखंड.

एक जुलै २००४ पासून जगभरच्या बंदरांना सुरक्षेची नवी नियमावली लागू झाली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ती आली आणि तिची गरज मी नाकारत नाही. पण तिच्यामुळं धक्का आणि गाव यांच्यामध्ये कुंपण उभं राहिलं. टर्मिनलच्या आत पायी चालायची मनाई. गेट तीन-चार किलोमीटरवर. गेटबाहेर टॅक्सीवाला खलाशी बघून भाव सांगतो. अमेरिकेत तर व्हिसा नसेल तर जहाजाच्या खाली पायच ठेवता येत नाही, मग जहाज तिथं आठवडाभर का असेना. म्हणून त्या छोट्या बसचं मोल फार मोठं आहे. भाऊ सांगतो की अशा घराला खलाशी सेंटर म्हणतात, आणि सेंटरमध्ये कॅरम आहे की बिलियर्ड, हे कुणी बघत नाही; बस आहे का, एवढंच विचारतात. बस गँगवेच्या खाली येऊन उभी राहते, चालवणारी बहुतेक वेळा निवृत्त माणसं, पगार न घेता काम करणारी. तीन तासांनी तीच बस परत आणून सोडते. वेळेत आणून सोडते, हे महत्त्वाचं. जहाज कुणासाठी थांबत नाही.

त्या दिवशी हॅम्बुर्गला त्यानं काय केलं, ते मी खोदून खोदून विचारलं. दुसऱ्या जहाजावरच्या एका फिलिपिनो पोराशी तो टेबल टेनिस खेळला आणि हरला. आमच्या आईशी बोलला. एक गरम कॉफी घेतली, ती टेबलावर ठेवली आणि ती हलली नाही, याचं त्याला नवल वाटलं. काउंटरवर एक पेन्शनर बाई होत्या. त्यांनी गाव विचारलं. हा 'मुंबई' म्हणाला, कारण परदेशात सगळेच मुंबई सांगतात. बाई म्हणाल्या, जहाजावर मुंबईचे फार येतात, तुझं खरं गाव सांग. मग ह्यानं लातूर सांगितलं, त्यापुढं औसा सांगितलं. औशाचा 'औ' त्यांच्या तोंडी बसेपर्यंत त्यांनी चार-पाचदा म्हणून पाहिला. हे सांगताना तो एवढा हसत होता की आईनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

जहाजावर त्याला नावानं हाक मारणारे थोडे. हुद्द्यानं हाक मारतात. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, एबी म्हणजे अनुभवी खलाशी, ओएस म्हणजे त्याच्या खालचा साधा खलाशी, आणि कुक. बोसनला आपल्याकडचे जुने लोक अजून सारंग म्हणतात. वीस माणसांत कुणी युक्रेनचा, कुणी फिलिपाइन्सचा, कुणी आपला. भांडण झालं तरी उद्या त्याच टेबलावर जेवायचं, रुसून जायला जागा नाही. ज्याच्याशी कामाचा, पगाराचा, हुद्द्याचा काहीएक संबंध नाही असा माणूस महिनोन् महिने दिसत नाही. सेंटरमध्ये तो दिसतो. माझ्या मते त्या घराचं खरं काम हेच आहे, बाकी सगळं नंतरचं.

अलीकडं लोक म्हणतात, आता जहाजावरही इंटरनेट आलंय, मग या केंद्रांची गरज काय? खरं आहे, उपग्रहाचं नेट स्वस्त झालंय. सागरी कामगार करार, म्हणजे खलाशांच्या हक्कांविषयी देशांनी मिळून केलेला करार, त्याच्या नव्या दुरुस्त्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या, त्यांत खलाशांना संपर्काची सोय देण्याची गोष्ट आली आहे. आमच्या घरी त्याचं सुख आम्ही रोज अनुभवतो. पण भावाच्या बोलण्यातूनच कळलं की पूर्वी जेवण झालं की मेसमध्ये पत्त्यांचा डाव पडायचा, पिक्चर लागायचा. आता ज्याचा तो केबिनचं दार लावून घेतो. घरचं बरं-वाईट त्याच मिनिटाला कळतं, आणि कळून करता काहीच येत नाही. सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला, आईची शुगर वाढली, भावकीत बांधावरून वाजलं, सगळं अटलांटिकच्या मधोमध पोचतं. नेटनं घर जवळ आणलं, माणूस मात्र जवळ आणला नाही. बातमी ऐकून घ्यायला समोर कुणीतरी बसलेलं लागतं.

या घरांचा इतिहास वाचायला लागले तेव्हा सुरुवातीलाच आपले लोक भेटले, आणि फार वाईट अवस्थेत भेटले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या जहाजांवर हजारो हिंदुस्थानी खलाशी असत, त्यांना लास्कर म्हणत. कोकणातले, गुजरातचे, बंगालचे, सिल्हेटचे. जहाज लंडनला लागलं की पुष्कळदा त्यांना तिथंच सोडून देत. परतीचं जहाज मिळेपर्यंत थंडीत, अंगावर पुरते कपडे नसताना, लंडनच्या गोदी भागात ही माणसं भटकत. कित्येक रस्त्यावर मेली. शेवटी १८५७ साली लाइमहाउस भागात त्यांच्यासाठी 'स्ट्रेंजर्स होम' उघडलं. आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण समुद्रातल्या बेटांवरच्या खलाशांसाठी. १९३७ पर्यंत ते चाललं. त्याला देणगी देणाऱ्यांत एक नाव होतं महाराजा दुलीपसिंगांचं.

ते नाव वाचून मी थबकले. दुलीपसिंग म्हणजे पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांचे धाकटे चिरंजीव. राज्य गेलेला, पोरवयात इंग्लंडला नेलेला मुलगा. आणि आमच्या नांदेडला गोदावरीकाठी जो सचखंड गुरुद्वारा उभा आहे, तो रणजितसिंगांनीच १८३० च्या दशकात बांधवला. नांदेडच्या लंगरमध्ये मी जेवले आहे, शाळेची सहलही तिथं जेवली आहे. पंगतीत बसताना कुणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. बापानं आमच्या मराठवाड्यात पंगतीचं घर उभं केलं आणि लेकानं लंडनमध्ये थंडीत कुडकुडणाऱ्या कोकणी-बंगाली खलाशांच्या छपराला हातभार लावला. हा धागा इतिहासकारांना महत्त्वाचा वाटेल की नाही, सांगता येत नाही. मला तो फार मोलाचा वाटतो.

मुंबईतही अशी घरं होती. रीगल सिनेमासमोर महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे, आमच्या भागातली कितीतरी पोरं भरतीच्या, बदलीच्या कामानं त्या दारात उभी राहिली असतील. ती इमारत मुळात खलाशांसाठी बांधलेली, 'रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम'. १८७० साली पायाभरणी, १८७६ ला पूर्ण. बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी तिला मोठी देणगी दिली होती. वर मान करून पाहिलं तर दर्शनी त्रिकोणात समुद्रदेव नेपच्यून आणि त्याचे समुद्री घोडे अजून कोरलेले दिसतात. ते घर मुख्यतः गोऱ्या खलाशांचं. आपल्या लोकांचं इंडियन सेलर्स होम पलीकडं मशीद बंदरला. तिथं पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांच्या नावांचं स्मारक आहे. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही, चिता नाही, अशांची ती नावं.

ही केंद्रं बहुतेक ठिकाणी ख्रिस्ती संस्था चालवतात, हे मी लपवणार नाही. मिशन टू सीफेअरर्स १८५६ पासूनची, तिचं चिन्ह उडता देवदूत. कॅथलिकांची स्टेला मारिस ग्लासगोत १९२० मध्ये सुरू झाली. न्यूयॉर्कची सीमेन्स चर्च इन्स्टिट्यूट १८३४ ची. सुरुवातीला या मंडळींचा धर्मप्रसाराचा हेतू उघड होता, लास्करांमध्ये काम करणारे मिशनरी तेच करायला जात. आज त्यांचे पाद्री गँगवे चढून जहाजावर येतात ते हातात सिमकार्डं, टोप्या आणि चॉकलेटं घेऊन. विचारतात, सगळे बरे आहात ना, पगार वेळेवर होतो ना, कुणी आजारी आहे का. भावाला कुणी कधी बाप्तिस्म्याचं विचारलं नाही. सागरी कामगार करारातच लिहिलं आहे की बंदरातल्या कल्याणकारी सोयी सगळ्या खलाशांना खुल्या असाव्यात. देश, वंश, वर्ण, धर्म, स्त्री-पुरुष, राजकीय मत, जहाजाचा झेंडा, काहीही बघू नये. तो करार २०१३ पासून अमलात आहे, भारतानं त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली.

तरी गावात कुणीतरी कुजबुजलंच. मिशनच्या घरी जाऊन खातंय-पितंय म्हणे पोरगं. ते आईच्या कानावर आलं. आई फारशी शिकलेली नाही. ती ओट्यावरून तिथल्या तिथं म्हणाली, "भूकंपाच्या साली कांबळं कुणाचं आलं, ते कुणी इचारलं होतं का?"

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. किल्लारी औसा तालुक्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला चार मिनिटं कमी. दगड-मातीची धाब्याची घरं माणसांवर बसली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली, बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. मी तेव्हा शाळेत होते. आमचं घर उभं राहिलं, पण भिंतीला गेलेल्या भेगेतून पलीकडचं दिसायचं, म्हणून कितीतरी दिवस आम्ही शेतात झोपलो. तेव्हा जे आलं, तंबू, कांबळी, दुधाची पावडर, डॉक्टर, ते कुठून कुठून आलं याचा हिशेब नाही. परदेशातून आलं, गुरुद्वाऱ्यातून आलं, चर्चमधून आलं, संघाकडून आलं, समाजवाद्यांकडून आलं. एका कांबळ्यावर कुठल्यातरी परक्या भाषेतलं लेबल होतं. ते कांबळं आमच्याकडं पुढं पुष्कळ वर्षं होतं, धाकटा जन्मला तेव्हा त्याला त्याच्यातच गुंडाळलं होतं. आईला हे सगळं लख्ख आठवतं. ज्याचं घर हललंय त्याला आसरा देताना देणारा कोण आणि घेणारा कोण हे बघायचं नसतं, ही गोष्ट तिला कुठल्या करारात वाचावी लागली नाही.

२०२० सालचं लिहिताना आजही हात जड होतो. करोनात देशोदेशीच्या सरकारांनी बंदरं बंद केली. माल उतरवायला नव्हे, माणसं उतरवायला. करार संपलेले सुमारे चार लाख खलाशी जगभर जहाजांवर अडकून पडले, आणि त्यांना सोडवायला जायचे तेवढेच घरी बसून राहिले. त्यात माझा भाऊ होता. त्याचा रिलीव्हर, म्हणजे त्याच्या जागी जायचा माणूस, इकडं मुंबईत हॉटेलात बसून, हा तिकडं बंदरामागून बंदर. प्रत्येक ठिकाणी क्रेन यायच्या, कंटेनर उचलायच्या, धक्क्यावरची माणसं दिसायची, खाली उतरायची परवानगी नाही. आजारी पडलेल्यालाही डॉक्टर मिळेना. डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव करून खलाशांना अत्यावश्यक कामगार माना म्हणून आवाहन केलं. तोवर अण्णांनी, आमच्या वडिलांनी, रोज बातम्या बघून बघून टीव्ही बंदच करून टाकला होता.

त्या काळात केंद्रांची दारं बंद होती. पण केंद्रातली माणसं गँगवेच्या पायथ्याशी येत होती. पिशव्या ठेवायची आणि मागं सरकायची. जहाजावरून चिठ्ठी यायची, काय काय हवंय त्याची. दुसऱ्या दिवशी ते खाली ठेवलेलं असायचं. शाम्पू, नूडल्स, बिस्किटं, एकाच्या मुलीसाठी बाहुली. भाऊ म्हणायचा, "आक्का, खालून हात करत्यात तेवढंच लई वाटतंय." एरवी लोखंडासारखं मन करून बोलणारा मुलगा. त्या दिवसांत त्याचा आवाज बारीक झाला होता. आमच्यापैकी कुणी त्याच्यापर्यंत पोचू शकत नव्हतं, आणि ज्यांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत अशी माणसं पोचत होती. त्यांच्याविषयी मला जे वाटतं त्याला कृतज्ञता हा शब्दही अपुरा आहे.

याच संस्था आणखी एक काम करतात, ते घरच्यांना फार उशिरा कळतं. मालक दिवाळखोर होतो किंवा पळतो, जहाज कुठल्यातरी बंदराबाहेर नांगरून पडतं, पगार बंद, रेशन संपत आलेलं. २०२४ मध्ये असं वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत सर्वांत जास्त संख्या भारतीयांची होती. अशा जहाजावर पहिल्यांदा पाणी आणि तांदूळ घेऊन पोचतात ते बहुतेक वेळा केंद्रवालेच. आमच्या शेजारच्या गावातल्या एका पोरानं दोन एकर गहाण टाकून एजंटाला पैसे दिले आणि तो असल्याच एका जहाजावर जाऊन अडकला. तो परत आला, शेत आलं नाही. म्हणून माझ्याकडं विचारायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एवढं सांगतेच: नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे. एजंटाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासा. जो पैसे मागतो त्याच्याकडं परवाना असला तरी उठून या.

नोकरीची पहिली काही वर्षं मी बीड जिल्ह्यात होते. दिवाळी झाली की वर्ग निम्मा व्हायचा. ट्रॅक्टर यायचे, उचल घेतलेली कुटुंबं कोयते, भांडी, कोंबड्या, लेकरं घेऊन कारखान्याच्या वाटेला लागायची. मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह असायचं, तिथं जेवण आणि रात्री झोपायला गावातलंच एखादं घर. त्या काळात मला वाटायचं की स्थलांतर करणाऱ्यांची काळजी म्हणजे मागं राहिलेल्यांची काळजी. जो गेला त्याचं काय, तो जिथं जाऊन पडतो तिथं त्याला पाणी, संडास, दवाखाना, दोन घटका बसायला जागा आहे का, हे आम्ही मास्तरमंडळींनी कधी विचारात घेतलं नाही. कारखान्याच्या तळावर पालं पडतात तिथल्या गावाला ती माणसं कामापुरती दिसतात. खलाशांच्या केंद्रांविषयी वाचताना मला सारखी ती पालं आठवत राहिली. १९३६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं बंदरातल्या खलाशांच्या कल्याणाची पहिली शिफारस केली. म्हणजे वाटेत थांबलेल्या माणसाची जबाबदारी तो ज्या गावी थांबला त्या गावाची आहे, हे जगानं नव्वद वर्षांपूर्वी कागदावर तरी मान्य केलं. बंदराला जे लागू, ते उसाच्या फडाला का नाही?

आणि आमचा समुद्राशी काय संबंध, असं म्हणायची सोय मराठवाड्याला उरलेली नाही. आमच्या शेतात जे पोटॅश खत पडतं ते जवळजवळ सगळं जहाजातून येतं. कढईतलं पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं. लातूरच्या आडत बाजारात तुरीचा भाव पडला की शेतकरी मोझांबिकच्या तुरीच्या नावानं बोटं मोडतो, आणि त्याचा राग खोटा नाही. तूर आमच्याही घरात पडून राहिली आहे. पण ती तूर घेऊन येणारा खलाशी भाव ठरवत नाही. वाळूजचे सुटे भाग, जालन्याचं बियाणं आणि सळई, यातलं किती न्हावा-शेव्याच्या वाटेला लागतं ते महामार्गावर उभं राहिलं तरी कळतं. न्हावा-शेव्याला उतरणारा फिलिपाइन्सचा, युक्रेनचा, म्यानमारचा पोरगा आमच्याच कामासाठी आलेला असतो. काही बंदरांत प्रत्येक जहाजामागं एक लहानशी रक्कम अशा केंद्रांसाठी बाजूला काढतात. माल पाठवणाऱ्या आपल्या कारखानदारांनी, बाजार समित्यांनी, अशी बारीकशी पट्टी स्वतःहून द्यावी असं मला मनापासून वाटतं. गावजेवणाला पट्टी काढताना आपण कुरकुरत नाही.

आईला हे सगळं मी वाचून दाखवलं. तिचा पहिला प्रश्न होता, मुंबईला आलेल्या परक्या पोरांना आपण काय पाठवायचं? तिच्या मनात शेंगदाण्याची चटणी होती. खाण्याचं पार्सल अनोळखी माणसाला देताना अडचणी येतात, हे तिला पटवायला वेळ लागला. मग तिला न्यूयॉर्कच्या संस्थेचं सांगितलं. १८९८ पासून तिथं घरोघरच्या बाया खलाशांसाठी लोकरीच्या टोप्या आणि मफलर विणून देतात, नाताळात ते जहाजांवर वाटले जातात. हे तिला लगेच समजलं. आमच्या बचत गटात तीन जणींना चांगलं विणता येतं. मुंबईत लोकरीचं काय काम, असं एकीनं विचारलं, तर आईनंच उत्तर दिलं, मुंबईहून निघालेलं जहाज थंडीच्या देशातबी जातंय की.

तर सध्या ओसरीवर सुया चालू आहेत. आकारावरून रोज वाद होतात, कारण युक्रेनच्या माणसाचं डोकं केवढं असतं याबद्दल गटात एकमत नाही. लोकर लातूरहून मीच आणते. पहिल्या खेपेला छान पांढरी आणि गुलाबी आणली होती. धाकट्यानं फोनवर पाहिली आणि बजावलं, निळी नाहीतर काळीच आणा, डेकवर सगळ्याला ग्रीस लागतं, आणि कान पूर्ण झाकले पाहिजेत.